आग्रहाची मतं

ही गोष्ट २०४६ सालची. त्या वर्षी सरोवराचं पाणी पोर्ट एल्सा गावच्या धक्क्यापासून अकरा पावलं मागं सरलं होतं, चेरीला बहर सतरा दिवस आधी येऊन गेला होता आणि कुमुदिनी खांबेटे शहात्तर वर्षांची झाली होती. पावलं तिनं स्वतः मोजली होती. बहराची तारीखही तिच्या वहीत होती. वहीत नाही असं तिच्या आयुष्यात फारसं काही नव्हतं.

ती मिशिगनला आली १९९६ साली, नवऱ्याच्या, सदानंदच्या, मोटारीच्या कारखान्यातल्या नोकरीमागून. चार वर्षांनी एका राज्यातल्या पाचशे सदतीस मतांवर अख्खा देश अडकून पडला. ती आणि सदानंद टीव्हीपुढे बसून महिनाभर ती मोजणी बघत होते. आणि लोक शिव्या कुणाला देत होते, तर ज्याला जिंकायची स्वप्नंसुद्धा पडत नव्हती अशा तिसऱ्याच उमेदवाराला.

"त्याचं काय चुकलं?" तिनं विचारलं होतं.

"उभा राहिला, हेच," सदानंद म्हणाला. "इथं पक्ष दोनच. तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं, शिवाय जाता जाता दुसऱ्याचं घर बुडवतं."

ते तिला तेव्हाही पटलं नव्हतं. भोरला तिच्या आईची खाणावळ होती. तिथं रोज दोन भाज्या असत, तरी एखादा गडी म्हणायचा, मला आज यातलं काही नको, थोडं पिठलं टाका. आई टाकायची.

म्हणून २०१० साली पोस्टाच्या दारात एक उंच, उन्हानं रापलेली बाई हातात पाटी आणि कागद घेऊन उभी दिसली, तेव्हा कुमुदिनी थांबली. बाईचं नाव हॅरिएट लिंडक्विस्ट. पोर्ट एल्सा आणि समोरचं बेट यांच्यामधली फेरीबोट ती चालवायची. सरोवराचं पाणी विकू देणार नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं सरोवर पक्ष काढला होता आणि राज्याच्या सिनेटसाठी ती उभी राहत होती. मोठ्या पक्षांच्या माणसांची नावं मतपत्रिकेवर आपसूक येत. तिसऱ्याला हजारो मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागत, आणि मग मोठ्या पक्षांचे वकील एकेक सही तपासून बाद करत. कुणाचा पत्ता जुना, कुणी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव चुकवलेलं.

"तुझं अक्षर कसं आहे?" हॅरिएटनं विचारलं.

"माझं अक्षर? सुरेख."

"मग चल."

त्यानंतर छत्तीस वर्षं त्या दोघींनी दारं ठोठावली. दर चार वर्षांनी निवडणूक, अशा नऊ निवडणुका. हॅरिएट नऊही वेळा पडली. दहा टक्क्यांच्या वर कधी गेली नाही. पण तिच्या जाहीरनाम्यातलं पुढच्या निवडणुकीला दोन्ही मोठ्या पक्षांच्या तोंडी असायचं. शिशाचे नळ बदलले ते असेच. बाटलीबंद पाण्याचा कारखाना अडला तोही असाच. "मी पडते आणि माझे कागद निवडून येतात," असं हॅरिएट म्हणायची आणि बोटीचा भोंगा वाजवायची.

आणि कुमुदिनीमुळे तिचं नाव मतपत्रिकेवरून एकदाही गळलं नाही. तिच्या वहीत दर घराची एक ओळ. नाव, पत्ता, सही मिळाली की नाही, घरच्यांचं गाऱ्हाणं काय. शेवटचा रकाना तिनं आपल्या मनानं काढला होता: हॅरिएट नसती तर मत कुणाला? सगळं मराठीत, बारीक, सुरेख अक्षरात.

तो शेवटचा रकाना भरणं सोपं नव्हतं. २०१४ सालची गोष्ट. एमेट व्होगल नावाचा चेरीचा बागाईतदार शिडीवरून खाली उतरला, सही केली आणि शेवटच्या प्रश्नाला म्हणाला, "ती नसेल तर मी घरी बसेन, मिसेस खांबेटे."

"असं कसं? दोघांतलं कुणीतरी बरं वाटत असेलच की."

"नाही वाटत."

"अगदी कणभर?"

"कणभरही नाही."

"मी काही कुणाला सांगत नाही हो. एक तरी सांगा. असा रकाना मोकळा ठेवून मी कशी जाऊ?"

एमेटनं टोपी काढून डोकं खाजवलं. समोर उन्हात साडी नेसलेली, घामानं डबडबलेली बाई पेन उघडून उभी होती. "बरं, लिहा," तो म्हणाला आणि दोघांतलं एक नाव त्यानं सांगून टाकलं.

"बघा! निघालं की नाही?" कुमुदिनी खूश होऊन म्हणाली. एमेटनं तिला पिशवीभर चेरी दिल्या. घरी येऊन तिनं त्यांचं लोणचं घातलं.

असे एमेट दर गल्लीत भेटायचे. ती दोनदा विचारायची, तीनदा विचारायची. आईच्या खाणावळीत 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात आणखी एक पोळी पडायचीच, आणि तो खायचासुद्धा. तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. पानावरून कुणी अर्धपोटी उठू नये आणि वहीत रकाना मोकळा राहू नये, या दोन गोष्टी तिच्या लेखी एकच होत्या.

तिची मुलगी ऋता संख्याशास्त्रज्ञ झाली. शिकागोला एका कंपनीत होती. आईच्या पंचाहत्तरीला तिनं सगळ्या, एकूण बेचाळीस, वह्या नेल्या, पान न् पान संगणकात उतरवलं आणि मूळ वह्या नव्या कापडी बांधणीत परत आणून दिल्या. कुमुदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, तुला कल्पना आहे का, हे काय आहे?" ऋता म्हणाली. "जगात कुणाकडे नाही हे."

मग तिनं समजावून सांगितलं. निवडणूक एकदाच होते. तिसरा उमेदवार नसता तर काय झालं असतं, हे कुणाला कधीच कळत नाही, कारण तो नसलेलं जग घडतच नाही. ऋताच्या कंपनीनं ते जग यंत्रात घडवायचं ठरवलं होतं. मतदारसंघातल्या प्रत्येक माणसाचा एक जुळा संगणकात तयार करायचा. त्याचं वय, काम, पाण्याचं बिल, तो कुठल्या निवडणुकीला गेला आणि कुठल्या नाही. मत कुणाला दिलं ते गुप्त असतं, पण मत द्यायला गेला की नाही, याची यादी अमेरिकेत कुणालाही मिळते. मग या जुळ्यांची निवडणूक दहा हजार वेळा घ्यायची, तिसऱ्या उमेदवारासकट आणि दहा हजार वेळा त्याच्याशिवाय. दोन्हींतला फरक म्हणजे त्या उमेदवाराचा परिणाम.

"अडचण एकच होती," ऋता म्हणाली. "जुळ्याला शिकवायला खरी माणसं हवीत. तीच माणसं, तोच प्रश्न, वर्षानुवर्षं. सर्व्हेवाले एकदा फोन करतात आणि विसरतात. तू मात्र छत्तीस वर्षं त्याच दारात गेलीस."

कंपनीनं यंत्राला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. मायलेकी घरात त्याला 'पाझर' म्हणत. एक झरा बुजवला की पाणी कुठं पाझरेल, ते सांगणारं यंत्र.

२०४६च्या ऑगस्टमध्ये पाझरचा पहिला आकडा जाहीर झाला, तो नेमका पोर्ट एल्साच्या जागेचा. त्या वर्षी सरोवराचं पाणी मोठ्या नळानं पश्चिमेच्या कोरड्या राज्यांना विकायचं विधेयक सिनेटमध्ये एका मतावर अडून होतं. मोठ्या पक्षांपैकी एकाचा कॉलिंगवुड निवडून आला तर नळ होणार होता. दुसऱ्याच्या स्टाइनबाई आल्या तर होणार नव्हता. आकडा प्रत्येकाच्या फोनवर झळकला: हॅरिएट उभी राहिली तर तिला नऊ हजार आठशे मतं आणि कॉलिंगवुड चौदाशेनं विजयी. तिनं नाव मागं घेतलं तर स्टाइन हजारानं विजयी.

हा अंदाज आहे असं कुणी म्हणेना. दुधाचा भाव सांगावा तसं लोक ते सांगू लागले. हार्डवेअरच्या दुकानात एकानं हॅरिएटला "काय, कॉलिंगवुडची प्रचारप्रमुख!" म्हणून हाक मारली. जिच्या मुलाला हॅरिएटनं वादळातून बेटावरून आणलं होतं, त्या बाईनं तिच्या बोटीत पाय ठेवायचं सोडलं. छत्तीस वर्षं जी सरोवराची राखणदार होती, ती आठवड्याभरात सरोवर विकणारी ठरली.

ऋता शनिवारी शिकागोहून गाडी हाकत आली. कुमुदिनी चेरीच्या बिया काढत बसली होती.

"आई, शुक्रवारी चारपर्यंत नाव मागं घेता येतं. नंतर मतपत्रिका छापायला जातात."

"मग?"

"मग काय? तूच सांगायला हवंस हॅरिएटमावशीला. ती दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही."

"ऐंशी वर्षांची आहे ती. ही तिची शेवटची निवडणूक."

"आणि सरोवराचीही शेवटचीच! तुम्ही दोघी जन्मभर ज्यासाठी उन्हातान्हात फिरलात, ते तुमच्याच मतांनी जाणार आहे."

"तुझं यंत्र चुकत नाही?"

ऋता हसली. "चुकलं असतं ग, माझ्या भरवशावर असतं तर. पण आत तू आहेस. तुझ्या वह्या आहेत. तुझा कुठला रकाना कधी चुकलाय?"

मुलीच्या तोंडून असं कौतुक कुमुदिनीनं फार वर्षांत ऐकलं नव्हतं. शाळेत असताना ऋताला आईची लाज वाटायची. साडी नेसून लोकांच्या दारात जाते, आणि तेही हरणाऱ्या पक्षासाठी. आज तीच मुलगी समोर बसून तिच्या अक्षराचा दाखला देत होती. कुमुदिनीनं हात धुतले आणि चपला घातल्या.

हॅरिएट धक्क्यावर दोर गुंडाळत होती.

"आलीस? मला वाटलंच," ती म्हणाली. "माझं उत्तर नाही असं आहे. चहा घेणार?"

"हॅरिएट, ऐक तरी."

"ऐकलंय. फोनमध्ये, चर्चमध्ये, दुकानात. नाही."

"सरोवरासाठी, हॅरिएट."

"सरोवरासाठीच नाही. अगं, मी नाव काढलं तर उद्यापासून या दोघांना आपली भीती कुणाची? आपण कधी जिंकलो का? आपलं काम एकच, त्यांना घाबरवायचं."

"एवढी एकच निवडणूक."

"नाही म्हटलं ना, कुमु."

कुमुदिनी तिच्या शेजारी लाकडी खोक्यावर बसली. समोर उघडा पडलेला चिखल होता, अकरा पावलांचा. "चौदाशे मतं," ती म्हणाली. "नळ झाला तर हा धक्काही राहणार नाही. तुझ्यामुळे झालं असं लोक म्हणतील. मला ते ऐकवणार नाही. माझ्यासाठी तरी."

हॅरिएटनं दोर खाली ठेवला. "हे यंत्र सांगतंय की तू?"

"यंत्रात मीच आहे."

"तुझ्या वह्या पाहिल्यात मी," हॅरिएट म्हणाली. "माझा त्यांच्यावर बायबलपेक्षा जास्त विश्वास आहे." मग तिनं हात पुसले. "बरं. लिही काय लिहायचं ते. सही करते."

कागद कुमुदिनीनंच लिहिला. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी ती सकाळपासून स्टाइनबाईंसाठी दारोदार फिरत होती. दारं उघडत होती, माणसं हसत होती, "हो हो" म्हणत होती. दुपारी चारच्या सुमारास ती एमेटच्या बागेपाशी आली. तो आता सत्तरीचा झाला होता आणि खुर्ची टाकून फांद्या छाटायची कात्री तेलानं पुसत बसला होता.

"जाऊन आलात ना मतदानाला?"

"नाही."

"अहो, अजून चार तास आहेत. मी नेते गाडीनं."

"मिसेस खांबेटे," एमेट शांतपणे म्हणाला, "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. ती नसेल तर मी घरी बसेन."

"पण माझ्या वहीत तर तुमचं..."

"वहीत असेल. तुम्ही दोनदा विचारलंत, तीनदा विचारलंत. उन्हात उभ्या होतात. म्हटलं, बाईचं मन कशाला मोडा." तो हसला. "माझी बायको म्हणायची, त्या भारतीय बाई उत्तर घेतल्याशिवाय जायच्या नाहीत, काहीतरी सांगून टाक. शेजारचा डेव्हिड तर दर वेळी वेगळं नाव सांगायचा. तुमच्या लक्षात नाही आलं?"

आलं होतं. डेव्हिडचं मत फिरतं आहे, असं तिनं शेऱ्यात लिहिलं होतं.

कुमुदिनी गाडीत येऊन बसली. तिला एकेक दार दिसू लागलं. गिरणीमागची विधवा, 'कुणालाच नाही हो' म्हणालेली. बेटावरचे दोघे भाऊ. शाळेतला रखवालदार, ज्याच्याकडून तिनं चार वेळा विचारून नाव काढलं होतं आणि घरी येऊन सदानंदला अभिमानानं सांगितलं होतं. तिनं ऋताला फोन लावला.

"तुझ्या यंत्रात घरी बसणारे किती आहेत ग?"

"कोण घरी बसणारे? हॅरिएटमावशीचे? जवळजवळ कुणीच नाही. का?"

"मी ते लिहिलेच नाहीत."

ऋताला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती ओरडली, "पण आई, मतदारयादी आहे ना माझ्याकडे! छत्तीस वर्षांची! तुझी ही माणसं दर वेळी मत द्यायला गेली आहेत. एक निवडणूक चुकवलेली नाही त्यांनी!"

"कारण दर वेळी हॅरिएट होती, बाळा."

 नऊ निवडणुका, बेचाळीस वह्या, दहा हजारदा पुन्हा पुन्हा घेतलेलं मतदान, आणि त्या सगळ्यात हॅरिएट नसलेलं एक वर्षही नव्हतं. ते नव्हतं, कारण कुमुदिनीनं एकही सही बाद होऊ दिली नव्हती.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" ऋतानं अखेर विचारलं.

"त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही मला."

त्या चार तासांत तिनं सतरा माणसांना गाडीतून केंद्रावर नेलं. निकाल लागला तेव्हा हॅरिएटच्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक घरीच बसले होते. कॉलिंगवुड हजार मतांनी जिंकला. पाझरनं सांगितलेलाच आकडा, फक्त दुसऱ्या बाजूला.

सकाळी ती धक्क्यावर गेली आणि तिनं सगळं सांगितलं, काही न वगळता. 

"म्हणजे लोक नाही म्हणत होते," हॅरिएट म्हणाली, "आणि तू त्यांच्याकडून हो काढत होतीस."

"हो."

"किती जणांकडून?"

"निम्म्यांकडून असेल. आता कसं सांगू?"

 "मीही त्या दिवशी चारदा नाही म्हटलं होतं, कुमु," ती म्हणाली. मग बोटीत चढली आणि दोर स्वतःच सोडला. एरवी तो कुमुदिनी सोडून द्यायची.

विधेयक मार्चमध्ये मंजूर झालं. नळाला सहा वर्षं लागली. पोर्ट एल्साचा धक्का आता गवतात उभा आहे.

कंपनीनं चूक मान्य केली नाही. आकडा 'मर्यादेच्या आत' होता, असं पत्रक काढलं. दोन्ही मोठ्या पक्षांनी पुढच्याच वर्षी ते यंत्र विकत घेतलं, कारण ते बरोबर होतं की चूक याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यानं तिसरा माणूस घरी जात होता, एवढं त्यांना पुरे होतं. राज्याराज्यांतून लहान उमेदवारांच्या नावापुढे आकडे झळकले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लाजेखातर त्यांनी नावं मागं घेतली. आता मतपत्रिकेवर दोनच नावं असतात, त्यामुळे यंत्र चुकलं की नाही हे तपासायलाही कुणी उरलेलं नाही. जे मत द्यायला जात नाहीत त्यांना वर्तमानपत्रं उदासीन म्हणतात.

एमेट व्होगलनं बाग विकली आणि तो मुलाकडे ओहायोला गेला. जाताना कुमुदिनीच्या दारात चेरीची पिशवी ठेवून गेला, बेल न वाजवता.

हॅरिएट २०४९च्या हिवाळ्यात गेली. तोवर दोघी रस्त्यात भेटल्या की हवापाण्याचं बोलत. बोटीत बस, असं ती कुमुदिनीला पुन्हा म्हणाली नाही. २०५०च्या निवडणुकीत कुमुदिनीनं मतपत्रिकेवर हातानं हॅरिएटचं नाव लिहिलं. असं मत मोजत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

ऋतानं कंपनी सोडली आणि ती कॉलेजात शिकवू लागली. महिन्यातून एकदा येते. वह्यांचा विषय कुणी काढत नाही. त्या कापडी बांधणीत कपाटात आहेत. शेवटच्या रकान्यापलीकडे कुमुदिनीनं पेन्सिलनं आणखी एक रकाना ओढला आहे, माणूस पहिल्यांदा काय म्हणाला होता त्याचा, आणि आठवेल तसा ती तो भरते. निम्म्याहून अधिक दारं आता आठवत नाहीत.

परवा ऋता जेवायला बसली होती. कुमुदिनी पोळी घेऊन आली.

"नको," ऋता सवयीनं म्हणाली.

कुमुदिनीनं पोळी डब्यात परत ठेवली आणि झाकण लावलं. ऋता थोडा वेळ तशीच बसून राहिली, हात ताटात धरून, आई पुन्हा विचारेल म्हणून. मग ती उठली.